परतीचा डबा

शटरवर कागद चिकटवलेला मंजुषाला गल्लीत वळतानाच दिसला. पण त्याआधी तिला रांग दिसली होती. रविवारी औरंगपुऱ्यातली दुकानं उशिरा उघडतात, त्यामुळं रांगेला कुणाची आडकाठी नव्हती. दवाखान्याच्या पायरीपासून निघून वह्या-पुस्तकांच्या बंद दुकानांसमोरून ती कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत गेली होती. बाबांच्या स्मृतिदिनाला नेहमीच चार माणसं जास्त येतात, खीर असते म्हणून. पण आज आलेल्या प्रत्येकाच्या हातात पिशवी होती, आणि खीर न्यायला कुणी पिशवी आणत नाही.

तिनं स्कूटी उभी केली आणि कागद वाचला.

"सूचना. हा धर्मादाय दवाखाना पुढील महिन्यापासून बंद होत आहे. रुग्णांनी आपली व्यवस्था अन्यत्र करावी. विश्वस्त."

विश्वस्त तिघं होते. त्यांतली एक ती स्वतः होती, आणि महिनाभराच्या वादाचा हा निकाल कळायला तिला शटरपाशी यावं लागलं होतं.

कागदाचा कोपरा नखानं धरून तिनं ओढून पाहिला. नख आत जाईना. धाकट्या भावाचं, विश्वजीतचं काम, म्हणजे पक्कं. लहानपणी पतंगाला खळ लावायचा तीसुद्धा अशीच, की पतंग फाटेल पण जोड सुटणार नाही. तिनं नाद सोडला, कुलूप काढलं आणि शटर एका झटक्यात वर ढकललं. कागद पत्र्याबरोबर वर गेला, गुंडाळीत शिरला आणि दिसेनासा झाला.

"डॉक्टरबाई," रांगेत पहिल्या असलेल्या हमीदाआपा म्हणाल्या, "डब्बा किधर है?"

"कसला डबा?"

"वापसी का. जुम्मे को कागज पढ़वा ली मैं, सबको बोल दी. बंद हो रहा ना दवाखाना? तो जो है वो वापस करना पड़ता. सांडूभाई का कायदा है."

तेव्हा मंजुषाला पिशव्यांचा अर्थ कळला.

कायदा खरा होता. तिचे बाबा, सांडू हिवराळे, आयुष्यभर सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाल्यावर फंडाचे पैसे घालून त्यांनी हे दुमजली घर घेतलं आणि तळमजल्यावर मोफत दवाखाना काढला. पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर दुसरं काही ठेवायच्या आधी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा ठेवला. उरलेली गोळी परत आणायची. घरात ठेवायची नाही, शेजारणीला द्यायची नाही. "घरात ठेवलेली गोळी भलत्याच्या पोटात जाते," असं ते म्हणत. आलेल्या पाकिटांवरची तारीख ते भिंग लावून तपासत, गोळीचं घर सीलबंद असेल ते फडताळात ठेवत, सुटी किंवा उघडी गोळी फेकून देत. बाबा गेले, भिंग हरवलं, पण डबा खिडकीशी होता. महिन्याकाठी त्यात मूठभर गोळ्या पडत.

"आपा, बंद व्हायचं अजून ठरलं नाही," मंजुषा म्हणाली.

"कागज तो ठर गया बोल रहा."

तिनं दिवे लावले.

*

विश्वजीतची गाडी आली तेव्हा पुढच्या सीटवर आई बसली होती आणि तिच्या पायांमध्ये खिरीची दोन पातेली होती. एक गोड, एक फिकी. शुगरच्या पेशंटांना फिकी, हीसुद्धा बाबांचीच पद्धत. फिक्या खिरीत आवडाबाई, म्हणजे आई, जायफळ दुप्पट घालत आणि वर म्हणत, "गोडापरीस हीच चांगली लागती." हे खोटं आहे हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

मागून विश्वजीतची बायको सोनिया उतरली, आणि त्यांची मुलगी तनुजा. तनुजानं नुकतंच बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं होतं आणि सध्या ती आईच्या सिडकोतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये बसत होती. विश्वजीत सगळ्यांत शेवटी उतरला. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल. फाइलमध्ये तिघांच्या सह्यांसाठीचे कागद आहेत हे मंजुषाला न उघडता ठाऊक होतं.

"वाचलास का, ताई?" त्यानं शटरच्या गुंडाळीकडं पाहत विचारलं.

"वाचला. गोंद चांगला वापरलायस."

"लोकांना आधी कळायला नको? अचानक बंद केलं असतं तर तूच ओरडली असतीस."

"अजून ठरलेलं नाही, विशू."

"ठरवायलाच तर जमलोय."

"हो. पण लोक आधी कागद चिकटवून मग जमत नाहीत."

तो हसला. विश्वजीतचं हसू मोठं गोड होतं, त्याच्या प्लॉटविक्रीच्या धंद्याचं अर्धं भांडवल तेच होतं. "ताई, मी वाईट माणूस आहे असं गृहीत धरून बोलू नकोस. सरकारी योजनेतल्या गोळ्या आधी अर्ध्या झाल्या, आता बंद. नर्सचं मानधन बंद. रूपा बिचारी रडत रडत खासगी दवाखान्यात लागली. सरकारच जिथं हात आखडता घेतंय तिथं आपण तिघं कुठवर पुरणार? तू स्वतःच्या पेन्शनमधून गोळ्या आणतेस."

ही गोष्ट मंजुषानं घरात कुणाला सांगितली नव्हती आणि घरात सगळ्यांना माहीत होती.

"दादाशी बोललोय मी," विश्वजीत म्हणाला. "त्यालाही पटलंय."

याचंच मंजुषाला भय होतं. मधला भाऊ सोमनाथ सिल्लोडला शाळेत गणित शिकवायचा. माणूस देवमाणूस, पण शेवटचं ज्याच्याशी बोलेल त्याचं त्याला पटायचं. परवा रात्री तो मंजुषाशी फोनवर बोलला तेव्हा त्याला दवाखाना चालूच राहायला हवा होता. काल विश्वजीतनं फोन केला असणार. आता तो एस.टी.तून येत होता, आणि वाटेत त्याच्या शेजारी कोण बसलंय यावर बरंच काही अवलंबून होतं.

"मग बसू या का आत?" विश्वजीत म्हणाला. "तासाभरात उरकेल."

"बसतोस कुठं?" पातेल्यावरचं झाकण नीट करत आई म्हणाली. "शेवटचा पेशंट खीर खाऊन उठल्याबिगर घरच्यानं बसायचं नाय. तुझ्या बापाच्या दिसाला तरी याद ठेव."

"आई, ही रांग बघितलीस का? संध्याकाळ होईल."

"व्हऊ दे. तुला कुठं बस धरायचीय? आं? नर्स न्हाई, मानूस न्हाई. तू खिडकीत बस, डबा सांभाळ. सोनिया, तू बीपीची मशीन घे. लेकी, तू बापाच्या हाताखाली."

"मी? खिडकीत?"

"धुतलेला शर्ट हाय. शोभून दिसशील."

भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, खाली बाबांचा कंपाउंडरच्या पांढऱ्या कोटातला फोटो. मेणबत्ती लावून सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. रांगेतल्या निम्म्या लोकांनीही उभ्या उभ्या सूर धरला. हमीदाआपा डोक्यावर पदर घेऊन शांत उभ्या राहिल्या. मग आईनं पहिला डाव पातेल्यात घातला आणि दवाखाना सुरू झाला.

*

मंजुषाचं टेबल आतल्या बाजूला होतं, पण मधल्या पडद्याला दोनच कड्या उरल्या होत्या, त्यामुळं तिला तपासता तपासता बाहेरचं सगळं दिसायचं आणि ऐकू यायचं. बिस्किटांचा डबा केव्हाच भरला. मग तनुजानं औषधांचं रिकामं खोकं आणलं, मग दुसरं.

"पुढं," विश्वजीत म्हणत होता. "काय आणलं? टाका इथं. नाव काय?"

"नाव कशापायी? गोळी हाय, गोळीला काय नाव?" बाहेरून कुणी बाई म्हणाली. "तू सांडूबाचा धाकटा ना? कागद तूच लावलास म्हनत्यात."

"मी... विश्वस्तांनी."

"म्हंजी तूच."

"पप्पा, पाकिटं मिसळू नका ना," तनुजा म्हणाली. "बीपीची वेगळी, शुगरची वेगळी. मला तारखा बघायच्यात."

"तारखा बघून काय करणार? हे सगळं कुठल्या तरी संस्थेला देऊन टाकायचंय."

"तरी बघू द्या."

ती लहानपणापासून अशीच होती. तांदूळ निवडायला बसवलं तर खड्यांचे रंगाप्रमाणं ढीग लावायची.

मधेच सोमनाथ आला. खांद्याला शबनम, कपाळावर घाम. त्यानं बाबांच्या फोटोला हात जोडले, आईच्या पाया पडला आणि मंजुषाच्या टेबलाशी आला. "ताई, काय रांग गं ही! एवढे लोक येतात? मग बंद कसा करायचा?" आणि तिनं काही म्हणायच्या आत बाहेर जाऊन विश्वजीतपाशी उभा राहिला. पडद्यापलीकडून विश्वजीतचा आवाज बारीक झाला आणि सोमनाथचं "हां... हां, तेही खरंच आहे" ऐकू येऊ लागलं. मंजुषानं पुढच्या पेशंटच्या छातीवर नळी ठेवली. निदान तेवढ्यापुरतं काही ऐकू येणार नव्हतं.

नळी काढली तेव्हा बाहेर वेगळाच आवाज होता.

"रांगेत ये, बाबा. मधी कुठं घुसतो?" आई म्हणत होती.

"आजी, मी पेशंट नाही. मला फक्त फ्रंट मोजायचाय. विश्वजीत सरांनी बोलावलंय." हातात लोखंडी टेप घेतलेला एक तरुण पायरीवर उभा होता. "प्रणय. मोबाइल शोरूमकडून."

"इथं मोजल्याबिगर कुनी आत येत न्हाई. सोनिया, मोज ह्याला."

सोनियानं त्याला स्टुलावर बसवलं, दंडाला पट्टा गुंडाळला आणि मशीनचं बटण दाबलं. पट्टा फुगत असताना ती अगदी सहज म्हणाली, "कोणत्या शोरूमकडून म्हणालात?"

प्रणयनं सांगितलं.

"आणि कुठला मजला?"

"तळमजला, मॅडम. काचेचा फ्रंट येणार, वर डिजिटल बोर्ड. वरच्या मजल्यावर स्टॉक. अख्खी बिल्डिंगच घेतोय ना."

मशीननं शिट्टी दिली. सोनियानं आकड्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. "यांचं नॉर्मल आहे," ती म्हणाली. "माझं मोजा आता."

"सोनिया, घरी बोलू," विश्वजीत खिडकीतून म्हणाला.

"घरी तर बोललो होतो. घरी तुम्ही म्हणालात, तळमजल्यावर माझं कलेक्शन सेंटर. जुन्या शहरातल्या लोकांना रक्त द्यायला सिडकोत यावं लागणार नाही, म्हणालात. त्या बोलण्यावर मी महिनाभर तुमच्या बाजूनं भांडतेय. ताईंशी मी धड बोलले नाही महिनाभर!"

"शोरूमची ऑफर नंतर आली."

"कधी आली?"

पुढं हात पसरलेल्या म्हाताऱ्याची पिशवी घेऊन विश्वजीत अतिशय मन लावून तिची गाठ सोडू लागला. प्रणयच्या हातात आईनं गोड खिरीची वाटी दिली. तो ती टेप काखेत धरून उभ्यानं खाऊ लागला. मोजायचं राहिलं ते राहिलंच.

मंजुषाला हसू आलं. एक आघाडी मोडली होती. तिला वाटलं, आता सोमनाथला दुपारच्या जेवणाला आपल्या शेजारी बसवलं की झालं. पण घटना इतक्या सरळ जाणार नव्हत्या.

*

"आत्या, जरा बाहेर येतेस?"

तनुजानं बाकावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं होतं आणि त्यावर बीपीच्या गोळ्यांची पाकिटं ओळीनं मांडली होती. तिच्या कपाळावर बारीक आठी होती.

"लोक गोळ्या विसरतात का गं?"

"विसरतात की. सगळेच विसरतात."

"मग हे बघ. विसरले असते तर कुणाच्या पाकिटात दोन उरल्या असत्या, कुणाच्या सात. कमीजास्त. इथं बहुतेक सगळ्यांच्या अर्ध्याच उरल्यात. पाकीटही वापरलंय ते एक सोडून एक फोडून. आणि सगळी पाकिटं गेल्या काही महिन्यांत दिलेली, बॅच नंबर तेच आहेत. त्याआधीचं एकही नाही." ती थांबली. "एवढी माणसं एकाच पद्धतीनं कशी विसरतील?"

मंजुषानं एक पाकीट उचललं, मग दुसरं.

हमीदाआपा बाकाच्या कडेला फिक्या खिरीची वाटी घेऊन बसल्या होत्या. खुलताबादहून पहिल्या गाडीनं आलेल्या, पण गेल्या नव्हत्या, कारण येणाऱ्या प्रत्येकीला डबा कुठं आहे हे सांगायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं होतं.

"आपा, रोज गोळी घेता ना?"

"लेती ना."

"रोज?"

आपांनी चमचा वाटीत ठेवला. "एक दिन आड," त्या म्हणाल्या. "नाराज नक्को हो, बेटी. हमना दिखता नहीं क्या? पहले फडताल भरा रहता था, अब पीछे की लकड़ी दिखती. नर्स गई. तू अपने पैसे से लाती, वो भी पता है. तो मैं बोली सबको, गाडी में, दरगा के पास, सबको. एक दिन खाओ, एक दिन रखो. बुरे वक्त के लिए. दवाखाना चार महीने ज्यादा चलेगा." मग त्यांनी खोक्यांकडं बोट केलं. "बुरा वक्त आ गया कागज पे. तो ले आए."

खिडकीत विश्वजीतचा हात एका पिशवीत तसाच राहिला होता.

मंजुषा मागचे महिने मनात उलटे वाचत होती. एकामागून एक सगळ्यांचं बीपी चढत गेलं होतं. तिला वाटलं होतं, थंडी. मग वाटलं, मीठ. मग वाटलं, वय. आणि प्रत्येक कार्डावर तिनं गोळी वाढवून दिली होती. एकीच्या दोन. गोळ्या वाढल्या म्हणून फडताळ आणखी लवकर रिकामं झालं. ते रिकामं दिसलं म्हणून लोकांनी आणखी वाचवल्या. ती वाढवत होती आणि ते निम्मं करत होते. दोघंही एकमेकांच्या काळजीपोटी. आणि बत्तीस वर्षं डॉक्टरकी करून तिनं एकदाही विचारलं नव्हतं, की बाई, गोळी पोटात जाते ना? सांडूबाच्या दवाखान्यातला पेशंट गोळी चुकवेल हे तिच्या गावीच नव्हतं.

"पण हे लक्षात कसं नाही आलं कुणाच्या?" सोमनाथनं विचारलं.

"ही गोळी अंगातून सावकाश उतरते, काका," तनुजा म्हणाली. "एक दिवस चुकला तर काही कळत नाही. आठवडे गेले की बीपी थोडंथोडं वर."

"ताई!" सोनियाची हाक आली. आवाज वेगळा होता.

स्टुलावर कडूबाई होती. औरंगपुऱ्याच्या मंडईत भाजी विकणारी, आवाजानं आणि अंगानं दणकट. ती डोळे मिटून भिंतीला टेकली होती. सोनियानं मशीन मंजुषाकडं वळवलं. वरचा आकडा दोनशेला टेकला होता.

"परत घेतलं?"

"तीनदा."

"कडूबाई, छातीत दुखतंय? हातापायाला मुंग्या? बोल माझ्याशी."

"दुखत बिखत काय नाय, डाक्टरीनबाई. डोस्कं तेवढं जड हाय. मला मोकळं करा, कोथमीर सुकतीय तिकडं."

"सुकू दे. कधीपासून एक दिवस आड?"

कडूबाईनं एक डोळा उघडून हमीदाआपांकडं पाहिलं. "मी दोन दिस आड खाती," ती म्हणाली. "आपा एक म्हनल्या. म्या म्हनलं, आपन दनकट, आपल्याला काय व्हतंय."

तिला आतल्या खाटेवर निजवलं. मंजुषानं तिचे हात-पाय हलवून पाहिले, डोळे पाहिले, बोलतं ठेवलं, तिची नेहमीची गोळी दिली आणि सोनियाला उशाशी बसवलं. "घाईनं उतरवायचं नाही. दर थोड्या वेळानं मोज. बोलणं अडखळलं, हात लुळा वाटला की लगेच मला हाक मार, ॲम्ब्युलन्स बोलवू." सोनियानं मान हलवली आणि कडूबाईचा भाजीची माती लागलेला हात हातात घेतला.

*

बैठक शेवटी उभ्यानंच झाली, खिडकीपाशी, रांगेच्या तोंडावर. आईनं नियम मोडू दिला नव्हता. बसलं कुणीच नाही.

"मला वाईट वाटतंय, ताई," विश्वजीत म्हणाला. त्याचं हसू गेलं होतं. "खरंच. पण याचा अर्थ उलट झाला ना? दवाखाना रडतखडत चालवला म्हणून हे झालं. लोकांना सरळ दुसरीकडं पाठवलं असतं तर त्यांनी गोळ्या वाचवल्या नसत्या."

"बरं," मंजुषा म्हणाली. "पाठवू या." तिनं कडूबाईचं कार्ड त्याच्यासमोर धरलं. "हे घेऊन ती उद्या दुसऱ्या डॉक्टरकडं जाईल. तो काय वाचेल? दिवसाला दोन गोळ्या चालू, तरी बीपी दोनशे. मग तो तिसरी लिहील. चूक नाही त्याची, मीही तेच केलं असतं. आणि तिथं काही कडूबाईला दवाखाना वाचवायचा नाही, त्यामुळं ती तिन्ही गोळ्या इमानदारीत घेईल. मग एका सकाळी टोपलं उचलायला वाकून उभी राहील आणि बीपी एकदम पडून मंडईत कोसळेल. विशू, या रांगेतल्या प्रत्येकाचं कार्ड आज चुकीचं आहे. आणि ते चुकीचं आहे हे जगात फक्त या खोलीतल्या माणसांना माहीत आहे."

सोमनाथनं कार्ड हातात घेतलं, मागूनपुढून पाहिलं. तो गणिताचा माणूस होता. "म्हणजे पहिल्याच पायरीला आकडा चुकलाय आणि पुढचं सगळं त्यावर रचलंय," तो म्हणाला. "हे पुन्हा पहिल्यापासून सोडवावं लागेल."

"किती दिवस लागतील?" विश्वजीतनं विचारलं.

"प्रत्येकाला दर आठवड्याला बोलवायचं, मोजायचं, गोळी ठरवायची. दोन-तीन महिने."

"आणि त्या दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या?"

तनुजानं बाकावरच्या पाकिटांकडं, शेजारच्या खोक्यांकडं आणि तुडुंब भरलेल्या डब्याकडं पाहिलं. "या आहेत ना, पप्पा," ती म्हणाली. "त्यांनीच जमवल्यात."

हमीदाआपा खिरीच्या वाटीवरून म्हणाल्या, "मैं बोली थी ना, चार महीने."

"आपा, तुम्ही तर काही बोलूच नका," मंजुषा म्हणाली आणि दोघी एकदम हसल्या.

"मग तीन महिने चालवू," विश्वजीत म्हणाला. "शोरूमला थांबवतो. त्यानंतर—"

"शोरूमला थांबवायचं नाही," आतून सोनियाचा आवाज आला. "नाही म्हणायचं. वरच्या मजल्यावर माझं कलेक्शन सेंटर येईल. भाडं दवाखान्याला, आणि या पेशंटांच्या रक्त-लघवीच्या तपासण्या माझ्याकडून. भाडं तेवढंच देईन जेवढं तुम्ही घरी मला सांगितलं होतंत."

"वर माझ्या फायली आहेत."

"फायली घरी न्या." ती थांबली. "नको. घरीही नको. सिडकोतल्या ऑफिसात न्या."

"रविवार माझा," सोमनाथ म्हणाला. "खिडकी मी बघतो. पहिली गाडी धरली की पोचतो." मग त्यानं सावधपणे विश्वजीतकडं पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, शेवटचं ज्याच्याशी बोलला होता त्याच्या विरोधात म्हणाला, "माझी सही तुला मिळणार नाही, विशू."

विश्वजीतनं फाइलच्या कडेवरून अंगठा फिरवला. हरल्यावर तो चिडतो, हे मंजुषाला ठाऊक होतं, आणि ती त्या तयारीत होती. पण तो तिच्याकडं वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर सौद्याला बसतानाची ती जुनी चमक होती.

"ठीक. पण भाड्यानं सगळं भागणार नाही, हे मला कळतं आणि तुलाही कळतं. तरतूद नाही म्हणून सरकारचं जे पत्र आलं, ते मी वाचलंय. 'चालू वर्षी' नाही, असं लिहिलंय. पुढच्या वर्षासाठी त्यांच्या दारात कोण बसलं?"

"मी अर्ज केलाय."

"अर्ज! ताई, अर्ज टपालात जातो आणि टेबलाखाली झोपतो. तुला मागता येत नाही. बाबांनाही येत नव्हतं. तुम्हा दोघांना फक्त देता येतं. मागायला निगरगट्ट माणूस लागतो, आणि घरात तो एकच आहे." त्यानं बाकावरच्या अर्ध्या वापरलेल्या पाकिटांकडं हात केला. "ही पाकिटं अशीच मांडून फोटो काढ, तनू. बीपी कसं चढत गेलं ते कागदावर काढून दे. मी घेऊन जातो. तरतूद नाही म्हणणाऱ्यासमोर ठेवतो आणि विचारतो, ही तरतूद कुणी केली ते सांगा."

मंजुषानं त्याच्याकडं पाहिलं. महिनाभर ती ज्याला तांदळातला खडा समजत होती, त्यानं तिची बरोबर दुखरी जागा दाबली होती. तिला खरंच मागता येत नव्हतं.

"फाइल दे इकडं," ती म्हणाली.

"फाडणारेस?"

"नाही. फाइल चांगली आहे. आतले कागद काढ, तनूचे कागद ठेव."

आतून कडूबाई ओरडली, "डाक्टरीनबाई, उतरलं का माझं? का कोथमिरीची भाजी इथंच करू?"

"थोडं उतरलंय!" सोनिया म्हणाली. "पण उठायचं नाही!"

*

उन्हं गल्लीच्या एका बाजूला सरकली तेव्हा पायरी रिकामी झाली. कडूबाईला तिचा मुलगा रिक्षातून घेऊन गेला. मंगळवारी परत यायचं, गोळी रोज, आणि आपांचं ऐकायचं नाही, असं मंजुषानं त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. आईनं पातेली पुसली. गोड खीर संपली होती, फिकीचा डावभर तळाशी होता.

"आता बसा," आई म्हणाली. "आता काय बोलायचं ते बोला."

"आता काय उरलंय बोलायचं?" सोमनाथ म्हणाला.

विश्वजीतनं शटर खाली ओढलं. गुंडाळी सुटत गेली आणि कागद हळूहळू बाहेर आला. आधी "विश्वस्त", मग "बंद", मग "सूचना".

"ज्यानं लावला त्यानं काढायचा," आई म्हणाली.

त्यानं बाह्या सारल्या. ओला बोळा घासला, नखं लावली, तनुजानं दिलेली पट्टी लावली. कागदाचा वरचा पापुद्रा निघाला आणि खालचा तसाच राहिला. अक्षरं पत्र्यावर उमटून बसली होती. इस्त्रीच्या शर्टाच्या काखा ओल्या झाल्या.

"काय लावला होतास?" मंजुषानं विचारलं.

"दरवाजांच्या सनमायक्याला लावतात तो."

"पतंगाची सवय गेली नाही तुझी."

"निघत नाही, आई," तो वळून म्हणाला.

"मग शटर वर ठिव. वर असलं की कुठं दिसतंय?"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी धापा टाकत येताना दिसली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. अर्धवट उतरलेलं शटर पाहून ती जागीच उभी राहिली. "झाला का बंद?" ती म्हणाली. "सिल्लोडची गाडी पंक्चर झाली, बाबा. मला तेवढं डब्यात टाकू दे. दुसऱ्याच्या कामाला येतील."

विश्वजीतनं शटर धरलं आणि दोन्ही हातांनी वर ढकललं. कागद गेला. त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली, पायरी चढायला कोपर धरलं आणि स्टुलावर बसवलं. पिशवी त्यानं डब्यात टाकली नाही. आधी आतलं पाकीट काढून उजेडाकडं धरलं, एक सोडून एक रिकामी झालेली घरं पाहिली आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मावशी, डॉक्टरांना सांगू नका, मला सांगा," तो म्हणाला. "गोळी रोज घेता, का एक दिवस आड?"

म्हातारीनं आधी मंजुषाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "आड," ती हळूच म्हणाली.

"उद्यापासून रोज. इथं गोळ्या आहेत." त्यानं पाकीट परत तिच्याच हातात ठेवलं, तिची बोटं त्यावर मिटवली आणि मागं न पाहता हाक मारली, "सोनिया, मशीन आण. ताई, बस तू टेबलावर."

आवडाबाईंनी पातेल्याच्या तळाशी डाव घातला. "फिकीच उरलीय," त्या म्हणाल्या. "पर गोडापरीस हीच चांगली लागती."